शेवटच्या रांगेतले व्यंजन

नाटकाचे किंवा मैफलीचे परीक्षण लिहिणारा माणूस कुठे बसला होता, हे परीक्षणात जवळजवळ कधीच लिहिलेले नसते. तारीख असते, सभागृहाचे नाव असते, साथीदारांची नावे असतात, क्वचित श्रोत्यांच्या संख्येचा अंदाजही असतो. रांग मात्र नसते. सन्मानिकेवर येणारा परीक्षक बहुधा पहिल्या पाच-सहा रांगांत बसतो आणि तिथे जे ऐकू येते तोच प्रयोग असे धरून चालतो. विसाव्या रांगेतला, तिकीट काढून आलेला माणूस त्याच वेळी त्याच छताखाली वेगळाच प्रयोग ऐकत असतो. त्या दोन प्रयोगांत नेमका फरक काय असतो आणि तो का पडतो, हे या लेखात मांडायचे आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : बंदिस्त सभागृहात ध्वनिवर्धकाचा आवाज मोठा करून तो श्रोत्याच्या जवळ आणता येत नाही, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे आपली समीक्षा वास्तूचे दोष अनेकदा गायकाच्या आणि नटाच्या माथी मारते.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नाही. जुन्या बाजारातून जमवलेली ध्वनिशास्त्राची पुस्तके, एक मोजपट्टी, एक साधा ध्वनिमापक आणि मध्यंतरात जागा बदलण्याची सवय, एवढ्या भांडवलावर गेली वीसेक वर्षे मी हा विषय शिकतो आहे. पूर्वार्ध पुढे बसून ऐकायचा आणि उत्तरार्ध मागे. शेजारचे लोक चमत्कारिक नजरेने पाहतात, पण कानाला या सवयीने जे शिकवले ते एकट्या पुस्तकांनी शिकवले नसते.

मैदान आणि सभागृह

आधी मोकळे मैदान घेऊ. भिंत नाही, छत नाही. स्पीकरमधून निघालेला ध्वनी फुग्यासारखा पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते, म्हणून प्रत्येक दुपटीला ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. स्पीकरपासून १ मीटरवर १०० डेसिबल असतील, तर २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२, १६ मीटरवर ७६ आणि ३२ मीटरवर ७०. हिशेब सरळ आहे. मागच्याला ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा किंवा त्याच्याजवळ आणखी एक स्पीकर उभा करायचा.

सभागृहात हा हिशेब थोड्याच अंतरापर्यंत चालतो. तिथे श्रोत्याकडे दोन ध्वनी येतात. एक स्पीकरकडून सरळ रेषेत येणारा. त्याला थेट ध्वनी म्हणू. तो मैदानातल्या नियमानेच उतरत जातो. दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून, शेकडो वाटांनी वळसे घेत येणारा. शास्त्रीय परिभाषेत त्याला निनाद म्हणतात. मला आपला 'घुमारा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. या घुमाऱ्याचा विशेष असा, की तो अंतराबरोबर फारसा उतरत नाही. खोलीत धूप लावल्यावर वास जसा थोड्या वेळात सगळीकडे सारखा होतो, तसा घुमारा सभागृह भरून राहतो.

या विषयाचा पाया वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने घातला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्याला फॉग कलासंग्रहालयातले एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे वक्त्याचे पुढचे वाक्य सुरू झाले तरी मागचे संपलेले नसे. सॅबिनने रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबवायची आणि स्वर ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, असा उद्योग आरंभला. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो त्या खोलीत मांडत असे आणि पुन्हा मोजत असे. त्यातून निघालेला नियम आजही वापरात आहे : घुमारा किती वेळ टिकेल हे सभागृहाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि आतल्या ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टन सिम्फनी हॉलची उभारणी या गणिताच्या आधाराने झाली. कान आणि घड्याळ एवढ्यावर उभे राहिलेले हे शास्त्र आहे, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

उंबरठा

थेट ध्वनी उतरत जातो, घुमारा जागच्या जागी राहतो. तेव्हा स्पीकरपासून काही अंतरावर दोन्ही बरोबरीला येणारच. परिभाषेत त्याला क्रांतिक अंतर म्हणतात. मी त्याला उंबरठा म्हणतो. उंबरठ्याच्या अलीकडे आपण मुख्यतः स्पीकर ऐकतो, पलीकडे मुख्यतः खोली ऐकतो.

उंबरठा कुठे पडेल याचे सूत्र सोपे आहे. सभागृहाच्या घनमीटरांतल्या घनफळाला निनादकालाने भागायचे, स्पीकर आपला ध्वनी एका दिशेला किती पट एकवटतो त्या आकड्याने गुणायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याला ०.०५७ ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातले एखादे मंगल कार्यालय कल्पनेत घेऊ, जिथे लग्नेही होतात आणि व्याख्यानमालाही. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, ६ मीटर उंच. घनफळ ३,६०० घनमीटर. फरशी गुळगुळीत, भिंती गिलाव्याच्या, पडदे नाहीत. निनादकाल ३ सेकंद धरू. स्पीकर ध्वनी पाचपट एकवटणारा. उत्तर येते सुमारे ४.४ मीटर.

तीस मीटर लांबीच्या सभागृहात, स्पीकरपासून साडेचार मीटरवर उंबरठा संपतो. ९ मीटरवर थेट ध्वनी घुमाऱ्यापेक्षा ६ डेसिबलने खाली असतो. १८ मीटरवर १२ डेसिबलने, म्हणजे त्याची ऊर्जा घुमाऱ्याच्या सोळाव्या हिश्शावर येते. तिथून मागे बसलेले सगळे श्रोते भिंतींचे भाषण ऐकत असतात.

आता यातली खरी मेख. उंबरठ्यावर दोन्ही ध्वनी मिळून जी पातळी असते, ती मागच्या भिंतीपर्यंत जाताना फार तर ३ डेसिबलने उतरते. एवढा फरक लक्ष देऊन ऐकले तरच जाणवतो. म्हणजे ध्वनिमापक घेऊन मागे गेलो तर काटा म्हणेल, आवाज जवळपास तेवढाच आहे. आयोजक म्हणेल, मागेपर्यंत आवाज पोचतो आहे. दोघेही खरे बोलतात, आणि तरी मागच्या माणसाला शब्द कळलेला नसतो. तो ओरडतो, ''आवाज वाढवा!'' साउंडवाला बटण वर सरकवतो. थेट ध्वनी वाढतो, त्याबरोबर तेवढाच घुमाराही वाढतो. दोघांचे प्रमाण होते तेच राहते. श्रोत्याला आता तेच न कळलेले अधिक मोठ्याने ऐकू येते.

हे गणित आदर्श खोलीचे आहे, हे नोंदवले पाहिजे. प्रत्यक्षात घुमारा सगळीकडे काटेकोर सारखा नसतो; मोठ्या संगीतगृहांत परावर्तित ध्वनीही मागे जाताना थोडा उतरतो, हे ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ मायकेल बॅरन यांनी दाखवून दिले आहे. श्रोत्यांची अंगे आणि कपडे ध्वनी शोषतात, त्यामुळे भरलेले सभागृह रिकाम्यापेक्षा नेहमीच बरे. तपशील बदलतात, उंबरठा सरकतो, पण नाहीसा होत नाही.

वाचकाला हे स्वतः पडताळून पाहता येईल. एखाद्या मोठ्या रिकाम्या दालनात मोबाइलवर बातम्या लावून तो खुर्चीवर ठेवावा आणि एकेक पाऊल मागे सरकत जावे. आधी आवाज भराभर लहान होतो. मग एका ठिकाणापासून तो लहान व्हायचा जवळपास थांबतो, फक्त शब्द विरघळू लागतात. तोच उंबरठा.

गेली की मेली?

विरघळते काय, हा समीक्षेच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. बोलण्यातली बरीचशी ऊर्जा स्वरांत असते आणि ती खालच्या कंप्रतांमध्ये, मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली, साठलेली असते. व्यंजने क्षीण आणि क्षणिक. त्यांची ओळख पटवणारा भाग बराचसा २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास. घुमाऱ्यात आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि ते झाकले जाते. त्यात पडदे आणि माणसे वरच्या कंप्रता अधिक शोषतात, खालच्या तशाच घुमत राहतात. आपल्या व्याकरणाने ठेवलेली नावे इथे भलतीच अन्वर्थक ठरतात : स्वर उरतो, व्यंजन जाते.

मराठीपुरते याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. आपल्या क्रियापदांचे लिंग-वचन शेवटच्या स्वरात असते. गेला, गेली, गेले, गेल्या. म्हणून मागच्या रांगेतल्या श्रोत्याला स्त्रीबद्दल बोलणे चालले आहे एवढे बिनचूक कळते. ती गेली की मेली, हे मात्र एका व्यंजनावर अवलंबून असते, आणि नेमके तेच पोचलेले नसते. पाट, पाठ, पात, पाप, पाक यांतला फरक शेवटच्या व्यंजनाचा. काळ आणि काल यांतलाही. नाटककाराने ज्या शब्दावर अंक तोलून धरला आहे तो शब्द असाच असेल, तर पुढच्या रांगांत शांतता पसरते आणि मागच्या रांगांत शेजाऱ्याला ''काय म्हणाली?'' असे विचारले जाते. मग परीक्षणात येते, 'प्रेक्षकांची एकाग्रता ढळत होती.'

१९७१ मध्ये पॉइट्झ या डच अभ्यासकाने किती व्यंजने हरवतील याचे सूत्रच मांडले. त्यात अंतर दुप्पट झाले की तोटा चौपट होतो. निनादकाल दुप्पट झाला तरी तोटा चौपट होतो. उंबरठ्याच्या साधारण तिपटीपलीकडे मात्र अंतराने काही फरक पडत नाही, जे हरवायचे ते हरवून झालेले असते. सभागृहात गोंगाट नाही असे धरले, तर या सूत्रात अंतर आहे, घनफळ आहे, निनादकाल आहे, स्पीकरची दिशा आहे. आवाज किती मोठा ठेवला, याला त्यात जागाच नाही.

तानेचा न्याय

शब्दांचे जे होते तेच तानेचे. सेकंदाला आठ स्वर अशी दाणेदार तान घेतली, तर एका स्वराच्या वाट्याला एक अष्टमांश सेकंद येतो. निनादकाल ३ सेकंदांचा असेल तर तेवढ्या वेळात आधीचा स्वर अवघा अडीच डेसिबल उतरतो. म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा स्वर आला तरी पहिला अजून सभागृहातच आहे. निनादकाल १.२ सेकंद असेल तर तोच स्वर सव्वासहा डेसिबल उतरतो आणि पुढच्याला वाट करून देतो. गळा तोच, तान तीच. एका ठिकाणी दाणे सुटे ऐकू येतात, दुसऱ्या ठिकाणी खिचडी होते. तबल्याच्या 'तिरकिट'चीही तीच गत.

उलट आलापाला घुमारा मानवतो. लांबवलेला स्वर भरीव होतो, तानपुऱ्याशी त्याची वीण घट्ट होते, मींडेच्या वाटेत कुठे रिकामे राहत नाही. म्हणून घुमणाऱ्या सभागृहात मागे बसलेल्या परीक्षकाला प्रामाणिकपणे असे वाटू शकते, की गायकाचा विलंबित ख्याल भारदस्त झाला, द्रुतात मात्र तानांची स्पष्टता कमी पडली. हे वाक्य, किंवा याच्याशी मिळतेजुळते वाक्य, मी मराठी परीक्षणांत कितीतरी वेळा वाचले आहे. दर वेळी ते खोटे असते असे मी म्हणत नाही. पण ते गायकाविषयी आहे की गिलाव्याविषयी, हे ठरवायला लागणारी माहिती परीक्षणात नसते. कलाकाराच्या तयारीवर असा शेरा छापला गेला की तो त्याच्या नावाला चिकटतो. सभागृहाला मात्र काही चिकटत नाही; पुढच्या महिन्यात दुसरा गायक तिथे येतो आणि त्याच्याही ताना अस्पष्ट होतात.

मांडवाची सवय

आपण आवाज वाढवण्याच्या उपायाला इतके का धरून बसलो? माझा तर्क असा, की आपली ध्वनिवर्धकाची संस्कृती मुळात मांडवाची आहे. जाहीर सभा, गणेशोत्सव, कीर्तन, मैदानातले संगीत महोत्सव यांत आपण कर्णा आणि स्पीकर वापरायला शिकलो. १९५३ पासून पुण्यात होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारखा मोठा मांडव घेतला, तर त्याच्या कापडातून ध्वनी बाहेर निघून जातो. घुमारा नगण्य, म्हणून तिथे मैदानाचाच हिशेब लागू पडतो आणि आवाज वाढवणे किंवा मध्ये स्पीकर उभारणे हे योग्य औषध ठरते. मांडवात उपयोगी पडलेले हे औषध आपण तसेच उचलून काँक्रीटच्या खोलीत आणले.

बंदिस्त जागेतले इलाज वेगळे आहेत, आणि ते फार महागही नाहीत. एक, शोषण वाढवणे : मागच्या भिंतीला जाड पडदा, छताला शोषक फळ्या. दोन, स्पीकरची तोंडे भिंतींकडून आणि छताकडून माणसांकडे वळवणे. तीन, दोन दांडग्या पेट्यांऐवजी श्रोत्यांच्या जवळ लहान आवाजाचे अधिक स्पीकर ठेवणे, म्हणजे जास्तीत जास्त माणसे कुठल्या ना कुठल्या उंबरठ्याच्या आत येतील. मात्र असे मधले स्पीकर उशिराने बोलले पाहिजेत. ध्वनीला १७ मीटर जायला सुमारे ५० सहस्रांश सेकंद लागतात. मधला स्पीकर त्याआधीच बोलला, तर नट समोर उभा आणि आवाज बाजूच्या भिंतीतून, अशी विचित्र अवस्था होते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या प्रबंधात दाखवले, की कान पहिल्यांदा आलेल्या ध्वनीची दिशा खरी मानतो. नंतरचा ध्वनी काही सहस्रांश सेकंद मागून आला, तर तो १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी चालतो. तेव्हा जवळच्या स्पीकरला वाजवी उशीर लावला की शब्द कानाशी स्पष्ट होतो आणि तो नटाच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो.

चौथा इलाज माइकचा. अंतराचा नियम माइकलाही लागू आहे. तोही उंबरठ्यापलीकडे गेला की खोलीच ऐकतो. नटापासून ३ मीटरवरचा माइक आणि १५ सेंटीमीटरवरचा माइक यांत थेट ध्वनीचा २६ डेसिबलचा फरक पडतो. लांबचा माइक खोलीचा घुमारा उचलतो, स्पीकर तो पुन्हा खोलीत सोडतो, म्हणजे श्रोत्याला दोनदा घुमलेला शब्द मिळतो. त्यात कलाकार ''मॉनिटर वाढवा'' म्हणतो आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या स्पीकरचा ध्वनीही सभागृहात सांडून घुमाऱ्यात भर घालतो.

फेक

मराठी रंगभूमीला या विषयाची जाण नव्हती असे मुळीच नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी आजच्या स्पीकरचा पूर्वज ठरलेल्या रचनेची मांडणी केली ती १९२५ मध्ये. मधली सगळी वर्षे संगीत नाटक निव्वळ गळ्यावर उभे होते. त्या काळाने 'आवाजाची फेक' हा शब्द घडवला. फेक म्हणजे ओरडणे नव्हे. व्यंजन स्वच्छ उच्चारणे, वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज सावरणे, तोंड प्रेक्षकांकडे ठेवणे. नट उंबरठ्याशीच झगडत होता, फक्त त्याला हे नाव ठाऊक नव्हते.

हे शहाणपण वास्तूत उतरवता येते याचे उदाहरण मुंबईतच आहे. राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये खुले झाले. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस, जागा १,०१०. भारतीय अभिजात संगीत ध्वनिवर्धकाविना ऐकता यावे, हा त्याच्या रचनेमागचा हेतू होता. हजार माणसांसाठी असा विचार करता येतो, तर तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात दोन माणसाएवढ्या पेट्या कशासाठी, हा प्रश्न विचारायला हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माइकने आपल्याला पुष्कळ दिले आहे. भावगीताचा हळुवार गळा, नाटकातली कुजबुज, ख्यालातला अंतर्मुख, दबका स्वर, हे सगळे फेकीच्या जमान्यात हजार माणसांपुढे टिकले नसते. हे मला मान्य आहे. यंत्राला माझा विरोध नाही. पण माइकने कुजबुज शक्य केली असेल, तर ती कुजबुज म्हणून शेवटच्या रांगेत पोचते का, हे तपासणे आलेच. मोठ्या आवाजात घुमणारी कुजबुज ही कुजबुज राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की समीक्षकाचे काम कलेचे मूल्यमापन करण्याचे आहे, सभागृहाचे नव्हे. पण प्रयोगकलेत कृती श्रोत्याच्या कानात पूर्ण होते. छापलेल्या कवितेची पाने मागच्या वाचकासाठी पुसट छापली गेली, तर ती गोष्ट आपण सांगणार नाही का? आणि शेवटच्या रांगा रिकाम्या नसतात. तिथे कमी पैशाचे तिकीट काढलेली माणसे बसतात, विद्यार्थी बसतात, उशिरा सुटणाऱ्या नोकरीतून धावत आलेली माणसे बसतात. वय वाढले की वरच्या कंप्रता ऐकण्याची शक्ती कमी होते, म्हणजे मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे व्यंजन दोनदा हिरावले जाते. मराठी नाटकाचा आणि मैफलीचा मोठा प्रेक्षकवर्ग आज याच वयाचा आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. परीक्षकाने आपली रांग लिहावी. शक्य असेल तर मध्यंतरानंतर मागे जाऊन बसावे आणि दोन्हीकडे काय ऐकू आले ते दोन ओळींत नोंदवावे. तानेवर किंवा उच्चारावर शेरा मारण्यापूर्वी सभागृहात एकदा टाळी वाजवून ती किती वेळ विरते ते ऐकावे. अशा नोंदी चार-पाच वर्षे साठल्या, तर महाराष्ट्रातल्या सभागृहांचा एक ध्वनिविषयक इतिहास आपोआप तयार होईल. आयोजकाला तो दाखवता येईल आणि सभागृह चालवणाऱ्या नगरपालिकेपुढेही ठेवता येईल. आणि मागून ''आवाज वाढवा'' अशी हाक आली, तर त्या माणसाला आवाज नको आहे, व्यंजन हवे आहे, एवढे तरी बटणाजवळ बसलेल्या माणसाला कुणीतरी सांगू शकेल.